ॲशकमचं पान

एल्मिन्स्टर, ४ ऑक्टोबर

बाबा,

पाकिटावरचं अक्षर ओळखून तुम्ही हे पत्र तसंच शेगडीत टाकलं नसेल, अशा आशेवर लिहिते आहे. अकरा वर्षांनी पत्र लिहायचं आणि तेही कामासाठी, हे शोभत नाही. मलाही कळतं. पण काम अडलंय, आणि ते तुमच्याशिवाय दुसऱ्या कुणाला विचारता येण्यासारखं नाही.

प्रश्न साधा आहे. मी विद्यापीठात गेले त्या सुमारास, म्हणजे पंचवीस वर्षांपूर्वी, तुमच्याकडून वासराचं चर्मपत्र कोण कोण घेऊन जात असे? ढोल मढवणारे आणि पुस्तकं बांधणारे सोडा. लिहिण्यासाठी नेणारे कोण होते? केसांची बाजूही मांसाच्या बाजूइतकीच गुळगुळीत करून मागणारं असं कुणी? तुम्हाला माणसं आठवत नसली तरी कातडी आठवतात, हे मला माहीत आहे. आई म्हणायची, तुझ्या बापाला माझा वाढदिवस आठवत नाही, पण हिगिन्सच्या तांबड्या कालवडीच्या मांडीवरचा डाग आठवतो.

विचारायचं कारण एवढंच की इथे एक पान आलं आहे. हजार वर्षांपूर्वीचं आहे, असं म्हणतात. त्यावर अँग्लो-सॅक्सन काळच्या इंग्रजीत एका नावाड्याची प्रार्थना आहे, साडेअकरा ओळींची. ही प्रार्थना आजवर दुसरीकडे कुठे सापडलेली नाही. मला त्याच्या कातड्याबद्दल थोडी शंका आहे. थोडीच. मत अजून कुणाला दिलेलं नाही, घाई काही नाही. सवड झाली की कळवा.

इथे थंडी सुरू झाली. चुन्याच्या हौदातलं पाणी आता बोचत असेल. हातांना काही लावता का?

हेस्टर

एल्मिन्स्टर, १५ ऑक्टोबर

बाबा,

उत्तर नाही. पोस्टाची चूक असेल, असं दोन दिवस स्वतःला सांगितलं. मग मर्टल मावशीला फोन केला. ती म्हणाली, पत्र पोचलंय, खिडकीत दगडाखाली ठेवलंय, वाचलंय की नाही ते मला विचारू नकोस, आईच्या माघारी मी तुम्हा बापलेकींच्या मध्ये पडायचं सोडलंय. म्हणजे निदान शेगडीत नाही.

माझं काही खरं नाही सध्या. एका जागी बसवत नाही. दिवसातून चारदा कपाटातून ते पान काढते, खिडकीशी नेते, परत ठेवते. काल कॅनन बॅरोंनी मला जिन्यात गाठलं. ते इथले धर्मगुरू आणि कॅथीड्रलच्या ग्रंथालयाचे प्रमुख, म्हणजे माझे वरिष्ठ. म्हणाले, 'मिस थोरोगुड, हजार वर्षं टिकलेलं पान तुमच्या येरझाऱ्यांनी झिजायचं.' मी हसले. हसण्याशिवाय काय करणार.

पहिल्या पत्रात मी पान 'आलं' असं लिहिलं. ते रोझमंड ॲशकम यांनी आणलं. प्रोफेसर ॲशकम तुम्हाला आठवत असतील. मला जुनी इंग्रजी त्यांनी शिकवली, त्यांच्यामुळे मी इथे आहे. दोन वर्षांपूर्वी ते गेले. या उन्हाळ्यात रोझमंडनी त्यांचं टेबल आवरायला काढलं, तर तळच्या खणात दोन फळ्यांच्या मध्ये फ्लॅनेलच्या फडक्यात हे पान मिळालं. चिठ्ठी नाही, काही नाही. लायनेल लिलावांतून जुन्या पुस्तकांचे मोडके पुठ्ठे आणायचे, त्यातल्याच एखाद्यात निघालं असणार, असं त्या म्हणाल्या. त्यांना ते नवऱ्याच्या स्मरणार्थ कॅथीड्रलला द्यायचंय. विकायचं नाही, द्यायचंय. काचेची पेटी करायला टाकली आहे. २३ नोव्हेंबरला, रविवारी, प्रार्थनेनंतर समारंभ आहे.

आता शंकेचं सांगते. सप्टेंबरात पान तिरक्या उजेडात धरलं होतं. खरवडल्याच्या खुणा दिसतात तशा दिसल्या, कमानीसारख्या, एकाशेजारी एक. पण प्रत्येक कमानीच्या डाव्या अंगाला केसाएवढी एक जादा रेघ होती. सुरीच्या पात्याला जिथे खाच पडलेली असते, तिथे उमटते तशी. बाबा, ती रेघ मी लहानपणापासून बघत आले आहे. आजोबांची ती चंद्रकोरीची सुरी तुम्ही कधी घासून सारखी केली नाहीत. 'खाच त्यांच्या हातून पडलीय, राहू दे' म्हणायचात.

आता हजार वर्षांपूर्वीच्या एखाद्या साधूच्या सुरीलाही खाच असू शकते. तेवढ्याच अंतरावर? असू शकते. मी स्वतःला रोज तेच सांगते.

कळवा.

हेस्टर

एल्मिन्स्टर, २३ ऑक्टोबर

बाबा,

तुमचं कार्ड आज मिळालं. 'भोक आहे का?' एवढंच. खाली सही पण नाही.

मी कार्ड हातात धरून पायरीवरच बसले. भोकाचं मी कुणालाच लिहिलं नव्हतं. हो, आहे. पानाच्या वरच्या भागात, मधोमध, बोटाच्या पेराएवढं, लांबट. कातडं ओलं असताना कुणीतरी ते शिवलं होतं. दोरा केव्हाच गेला, टाक्यांची टोचणी तेवढी दोन्ही कडांना राहिली आहे. लिहिणाऱ्यानं शब्द भोकाच्या अलीकडे तोडून पलीकडे पुरा केलाय, जुन्या पानांत करतात तसा. सगळ्यांना त्याचंच कौतुक. कॅनन म्हणतात, बनवेगिरी करणारा माणूस चांगलं कातडं निवडेल, भोकाचं कशाला घेईल?

तुम्हाला भोक कसं माहीत?

तुम्ही उत्तर दिलंत, तर मीही एक खोटं परत घेते. मत कुणाला दिलं नाही, असं मी लिहिलं होतं. दिलंय. ऑगस्टातच दिलं. पान हातात आलं त्याच आठवड्यात तीन पानी लेखी मत दिलं, सही-शिक्क्यासकट. अक्षराचं वळण दहाव्या शतकाच्या शेवटचं, शाई त्या काळी करत तशी मायफळाची, भाषा शुद्ध. एका नियतकालिकात छोटी टीप सुद्धा छापून आली. लोकांनी अभिनंदनं केली. मी ती घेतली.

खरं तर तेव्हाच थांबायला हवं होतं. साडेअकरा ओळींत एकही चूक नव्हती, बाबा. नकलून घेणारा माणूस कंटाळतो, त्याचा हात गारठतो, तो एखादा शब्द दोनदा लिहितो, एखादं शेवटचं अक्षर खातो. माझ्या विद्यार्थ्यांना मी हेच शिकवते. आणि माझ्यासमोर असं पान आलं, ज्यात प्रत्येक प्रत्यय पाठ्यपुस्तकातल्यासारखा जागच्या जागी होता, तर मी लिहिलं 'भाषा शुद्ध'. मला ते खरं हवं होतं. त्यांच्या टेबलातून निघालं होतं, आणि ते माझ्या हाती आलं होतं.

तपासणीचं म्हणाल तर कातड्याची नखाएवढी पट्टी कापून प्रयोगशाळेत पाठवता येते, वय कळतं. पण कापायला रोझमंडची परवानगी हवी. ती मागायची म्हणजे त्यांना सांगायचं की मला संशय आहे. कॅनन म्हणाले, समारंभानंतर सावकाश बघू. ज्या आवाजात म्हणाले, त्यावरून कधीच नाही हे कळलं.

भोकाचं सांगा.

हेस्टर

एल्मिन्स्टर, ३० ऑक्टोबर

बाबा,

आज एक वेगळंच लिहिणार आहे. वाचून झालं की हे पत्र जाळलंत तरी चालेल.

रोझमंड काल आल्या होत्या. पेटीचं माप बघायला. सत्त्याहत्तर वर्षांची बाई, दोन बस बदलून आली. पेटीखाली लावायच्या पितळी पट्टीवरची अक्षरं कशी दिसतील हे त्यांनी कागदावर काढून आणलं होतं. 'लायनेल ॲशकम यांच्या स्मरणार्थ.' मला विचारत होत्या, 'विद्वान' लिहू की 'शिक्षक'? मी म्हटलं, शिक्षक. त्या म्हणाल्या, मलाही तेच वाटत होतं, आणि माझा हात हातात घेऊन बसून राहिल्या. म्हणाल्या, तो गेल्यापासून मी पहिल्यांदाच कशाची तरी वाट बघते आहे.

त्या गेल्यावर मी बराच विचार केला. पेटीत एक पान राहील, त्यानं कुणाचं काय बिघडतं? शाळेची मुलं येतील, नावाड्याची गोष्ट ऐकतील. ती प्रार्थना सुंदर आहे, बाबा. कुणी केव्हा का लिहिलेली असेना. सुरीच्या खाचेची रेघ ओळखणारी माणसं जगात दोन. एक मी. मी गप्प राहू शकते. तुम्हीही गप्प राहावं, एवढंच मागायला हे लिहिते आहे. कार्डाचं उत्तर नको. भोकाचं सांगू नका. मी विचारलंच नाही, असं समजा.

हे मागायचा हक्क मला नाही, हे मला कळतं. म्हणूनच ते दुसरंही लिहून टाकते, जे अकरा वर्षं लिहिलं नाही.

माझं पुस्तक निघालं त्या संध्याकाळी कॉलेजच्या भोजनगृहात तुम्ही आला होता. आईला जाऊन वर्षही झालं नव्हतं. तो एकच सूट, कोपरावर चकाकणारा. प्रोफेसर ॲशकम तुम्हाला लोकांत घेऊन फिरत होते, 'यांना विचारा, यांना माहीत आहे' म्हणत. तुम्ही चुन्याच्या पाण्याबद्दल सांगितलंत, कुणीतरी नाकाला रुमाल लावल्याची नक्कल केली आणि बाकीचे हसले. मीही हसले. मग त्या बाई, ज्यांच्या हातात माझी पुढची नेमणूक होती, मला म्हणाल्या, 'हे गृहस्थ कोण?' मी म्हटलं, 'हे आम्हाला कातडी पुरवतात.'

तुम्ही माझ्या मागे दोन हातांवर होता, ताटली घेऊन. मला वाटलं, ऐकलं नसेल. तुम्ही ताटली खिडकीत ठेवलीत आणि म्हणालात, 'माझी बस आहे.' बसला अजून दीड तास होता, हे मला माहीत होतं.

दुसऱ्या दिवशी मी फोन केला. तुम्ही उचलला नाहीत. मी तो पुन्हा केला नाही, आणि बाबाच हट्टी आहेत असं सगळ्यांना सांगत राहिले.

एवढंच. गप्प राहा, एवढी कृपा करा.

हेस्टर

एल्मिन्स्टर, १५ नोव्हेंबर

बाबा,

परवा तुम्ही चारच्या बसनं निघून गेलात, त्यामुळे पुढे काय झालं ते तुम्हाला माहीत नाही. आणि आधी जे झालं ते तुम्हाला माहीत असलं तरी मला एकदा नीट लिहून काढायचंय, म्हणजे ते मला कुठे फिरवता येणार नाही.

दारावरच्या मुलीचा फोन आला, एक म्हातारे गृहस्थ आलेत, पिशवीत सुरी आहे, काय करू? मी खाली धावले. तुम्ही सुरी तिच्या टेबलावर काढून ठेवली होती आणि भेटीच्या वहीत नाव लिहीत होता. माझ्याकडे बघितलंत आणि म्हणालात, 'पान कुठाय?' अकरा वर्षांनी ते दोन शब्द.

नेमके त्याच वेळी वर कॅनन बॅरो वर्तमानपत्राच्या फोटोवाल्याला घेऊन आले होते. त्या मुलीनं तुम्हाला हातमोजे दिले. तुम्ही म्हणालात, 'बाळ, हे हात साठ वर्षं चुन्यात आहेत. या इमारतीत यांच्याइतकं स्वच्छ काही नसेल.' ती बिचारी हातमोजे घेऊन तशीच उभी. कॅननना काही उमजेना. त्यांनी अदबीनं विचारलं, 'आपण?'

तुम्ही माझ्याकडे न बघता म्हणालात, 'मी यांना कातडी पुरवतो.'

ते तुम्ही मला बोचावं म्हणून म्हणालात, की मला सोपं जावं म्हणून, ते मला अजून कळलेलं नाही. मग मी म्हटलं, 'हे माझे वडील. ॲम्ब्रोझ थोरोगुड. हे पान ओळखू शकतील असं मला वाटतं म्हणून मीच यांना लिहिलं होतं. नंतर गप्प राहा असंही लिहिलं, तरी ते आलेत.' कॅनननी फोटोवाल्याला चहाला पाठवलं.

तुम्ही दिवा नको म्हणालात. पान खिडकीशी नेलंत, नाकाशी धरलंत, अंगठा आडवा फिरवलात. भोकाशी थांबलात. किती वेळ थांबलात कुणास ठाऊक. बाहेर गवत कापायचं यंत्र चाललं होतं, त्याच्या तीन फेऱ्या झाल्या.

'सुरी माझी आहे,' तुम्ही म्हणालात. 'हात माझा नाही.'

कॅननना एकदम उभारी आली. म्हणाले, म्हणजे खात्रीनं सांगता येत नाही?

'येतं की. हात हिचा आहे.'

मला आधी काही कळलंच नाही. तुम्ही पान माझ्यापुढे धरून, जणू काल घडलं असावं तसं सांगत होता. विद्यापीठात जायच्या आधीचा उन्हाळा. एक कातडं सुरुवातीपासून शेवटापर्यंत एकटीनं करते म्हणून मी हट्ट धरला होता. पाठीच्या कण्याशी सुरी जास्त दाबली, बारीकशी चीर पडली, कातडं ताणायच्या चौकटीवर ताण बसल्यावर तिचं भोक झालं. तुम्हाला कळू नये म्हणून मी ते आईच्या हातमोजे शिवायच्या सुईनं शिवलं. डाव्या हातानं. 'बघा, टोचणी उलट कललीय. आमच्याकडे डावखुरी ही एकच.' मग कॅननकडे वळून तुम्ही म्हणालात, 'साहेब, हे हिगिन्सचं वासरू. त्याची आई माझ्या कुंपणात घुसून कोबी खायची. ते हजार वर्षांचं कसं असेल?'

मला वाटत होतं, ते कातडं तुम्ही ढोलवाल्याला दिलं असणार. खोडी काढायला विचारलं सुद्धा होतं एकदा, तुम्ही उत्तर दिलं नव्हतंत. तुम्ही ते प्रोफेसर ॲशकमना दिलंत. विद्यार्थ्यांना बोरूनं लिहायला शिकवावं म्हणून ते कातडी न्यायला आले होते, त्या पहिल्याच खेपेला. 'विकलं नाही. दिलं. म्हटलं, पोरीचं पहिलं काम आहे. तिला नुसतं डोकं नाही, हातही आहेत, हे लक्षात असू द्या.' पुढे कधीतरी त्यांनी तुम्हाला विचारलं, कातडं जुनं कसं दिसेल? तुम्ही धुरावर धरायला सांगितलंत. ते हसून म्हणाले होते, तुमच्या मुलीला एकदा चकवायचंय.

चकवलं, बाबा. मेल्यावर चकवलं. माझ्या परीक्षेची प्रश्नपत्रिका खणात पडून राहिली होती, आणि मी तिला सही-शिक्का दिला.

त्यांनी मला ती तेव्हाच का दिली नाही? विसरले? लिहिता लिहिता प्रार्थना खेळापलीकडे गेली आणि दाखवायची लाज वाटली? तुम्हालाही ठाऊक नाही, मलाही नाही.

कॅनन बराच वेळ हाताची बोटं मोडत बसले. मग म्हणाले, रोझमंडना समारंभानंतर सांगितलं तर? म्हातारी बाई आहे. तुम्ही सुरी पिशवीत घालत होता. मला विचारलंत, 'तुला काय वाटतं?' मी म्हटलं, आज सांगणार. तुम्ही मान हलवलीत आणि चहासुद्धा न घेता निघालात. फाटकापर्यंत मी आले. तुम्ही म्हणालात, 'थंडी आहे, आत जा.'

तिथून मी तशीच रोझमंडकडे गेले. त्या समारंभाला घालायचा कोट ब्रशनं झाडत होत्या. मी सगळं सांगितलं, गाळलं काही नाही. माझं ऑगस्टातलं मत, सप्टेंबरातली रेघ, तुम्हाला लिहिलेलं ते पत्रसुद्धा. त्या ब्रश हातात धरून ऐकत होत्या.

'म्हणजे सप्टेंबरपासून तुम्हाला माहीत होतं,' त्या म्हणाल्या.

'संशय होता.'

'मी पट्टीवरची अक्षरं दाखवायला आले तेव्हाही.'

'हो.'

त्या म्हणाल्या, 'ऑगस्टात तुम्ही या खुर्चीवर बसून म्हणालात, तो किती मोठा होता. आज म्हणता, तो लबाड होता.'

मी म्हटलं, 'लबाड नव्हते. त्यांनी ते कुणाला विकलं नाही, खरं आहे म्हणून मिरवलं नाही. लबाडी केली ती मी.'

त्यांनी दार उघडून धरलं. पान घरी पाठवून द्या, म्हणाल्या, आणि तुम्ही स्वतः आणू नका.

समारंभ रद्द झालाय. कॅनन माझ्याशी लेखी बोलतात.

हेस्टर

एल्मिन्स्टर, २ डिसेंबर

बाबा,

मी माझं मत मागे घेतलं. कॅथीड्रलच्या मंडळाला लिहून दिलं आणि त्या नियतकालिकालाही. 'हे चर्मपत्र आधुनिक असून मीच केलेलं असल्याचं माझे वडील ॲम्ब्रोझ थोरोगुड, चर्मपत्र करणारे कारागीर, यांनी ओळखलं,' असं त्यात लिहिलंय. छापून आलं की पाठवते. मंडळानं माझ्याकडून हस्तलिखितांच्या कपाटांच्या किल्ल्या काढून घेतल्या. वसंत ऋतू येईतो रजेवर राहा, मग बघू, असं कळवलंय. 'मग बघू' म्हणजे काय ते मी ओळखून आहे. दुसऱ्या विद्यापीठातल्या एका गृहस्थांनी पत्र पाठवलंय: स्वतःच केलेल्या कातड्याचं वय हजार वर्षांनी चुकवणारी विदुषी विरळाच. मला ते वाचून हसू आलं. खरंच आहे की.

काल रोझमंडचा फोन आला. म्हणाल्या, या. मला वाटलं, राहिलेलं बोलायचं असेल. त्यांनी स्वयंपाकघरातल्या टेबलावर पान ठेवलं होतं, पावाचे तुकडे पुसून. म्हणाल्या, 'सगळे म्हणतात खोटं आहे, खोटं आहे. पण त्यात लिहिलंय काय, ते मला कुणी धड सांगितलं नाही. तुम्ही ऑगस्टात प्रत्ययांबद्दल बोललात.'

मी मूळ भाषेत वाचलं. त्यांना एक अक्षर कळत नव्हतं, तरी म्हणाल्या, पुन्हा वाचा. तिसऱ्यांदाही वाचायला लावलं. मग मी अर्थ सांगितला. साधारण असा:

या काठावरून त्या काठाला मी सगळ्यांना नेलं,
राजाला नेलं, चोराला नेलं, मेलेल्याला नेलं.
उतरून जाणारा मागे वळून बघत नाही.
एक बाई मात्र अलीकडे उभी असते,
नाव परत येईतो माझं जेवण झाकून ठेवते.
देवा, स्वर्ग देणार असशील तर अलीकडच्या काठावर दे.

किटली उकळून बंद झाली. मग रोझमंड म्हणाल्या, 'एक्केचाळीस वर्षं हा माणूस या टेबलाशी जेवला. मिठाशिवाय कशाबद्दल बोलला नाही.'

आणि रडल्या. मी उठून जाऊ लागले तर म्हणाल्या, बसा, तुम्हाला जायला कुणी सांगितलं? थोड्या वेळानं त्यांनी पान परत फ्लॅनेलमध्ये गुंडाळलं. मी विचारलं, याचं काय करणार? म्हणाल्या, होतं त्याच खणात ठेवणार. 'त्यानं हे तुमच्यासाठी लिहिलं की माझ्यासाठी, ते आता कळायचं नाही. पण घर माझं आहे.' निघताना त्यांनी मला मिठी वगैरे मारली नाही. पुढच्या महिन्यात या, एवढं म्हणाल्या, अर्थ लिहून आणा, मोठ्या अक्षरात.

घरी चालत आले, लांबच्या रस्त्यानं. मनात सारखं येत होतं, त्या बाईला एक्केचाळीस वर्षांनी कळलं, ते सुद्धा तो माणूस गेल्यावर, तिऱ्हाइताच्या तोंडून, न कळणाऱ्या भाषेत.

शनिवारी दहाच्या बसनं येते आहे. मर्टल मावशीला सांगितलंय, ती म्हणाली वरच्या खोलीत अंथरूण घालून ठेवते. या पत्रांत मी पुष्कळ लपवलं आणि थोडं सांगितलं. पण भोजनगृहातल्या त्या संध्याकाळची माफी मी एकदाही मागितलेली नाही. मागची सगळी पत्रं आठवून बघितली. घडलेलं लिहिलं, माफी कुठेच नाही. ती पत्रात मागणार नाही.

माझ्यासाठी काम थांबवू नका. तुम्ही चौकटीच्या तुमच्या बाजूनं खरवडत राहा. मी दुसऱ्या बाजूला उभी राहून बोलेन.

तुमची
हेस्टर